खडकुंडाचं सांबर

"दाजी, काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या. दगड ओलांडला की मग तोंडाला कुलूप."

रानाच्या शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापाशी उकिडवा बसून नवसू पायांना राख चोळत होता. नवसू म्हणजे माझ्या बायकोचा, सुकरीचा, थोरला भाऊ. राखेनं माणसाचा वास दबतो, म्हणून माग काढायला निघालेल्यानं गुडघ्यापर्यंत राख चोळायची, अशी आमच्या पाड्याची रीत होती.

"मला काही बोलायचं नाही," मी म्हणालो.

"असं कसं? कालपासून तोंड सुजलंय तुमचं. सुकरी जेवायला घालत नाही का?"

"नवसू, उगाच डोकं फिरवू नकोस."

"बरं बाबा, राहिलं," तो म्हणाला आणि हसत हसत राखेचा हात माझ्याच पाठीला पुसला.

पन्नास वर्षं उलटून गेली या गोष्टीला. आता मला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. पण ती सकाळ विचाराल तर कालची सांगावी तशी सांगीन. सगळी सांगीन म्हणतो. आजवर अर्धीच सांगत आलोय.

होळीच्या आधी आमच्या पाड्याची मोठी शिकार व्हायची. तीरकामठे घेऊन तीस-चाळीस गडी रानात उतरायचे. सरकारची बंदी तोवर आमच्या डोंगरात पोचली नव्हती. शिकार एका दिवसाची, पण खरं काम त्याच्या आधीच्या आठवड्यात. सांबर कुठल्या पाण्यावर येतं, कुठल्या चिखलात लोळतं, उठवलं तर कुठल्या वाटेनं पळेल, हे दोघांनी आधी जाऊन बघून यायचं. त्यांनी सांगितल्या जागी बाकीचे दबा धरून बसायचे. त्यालाच माग काढणं म्हणायचं. हा मान मेंगाळांच्या घराचा, म्हणजे माझे सासरे चाहू मेंगाळ यांच्या घराचा. माग काढायला जाताना तीर न्यायचे नाहीत, विडीकाडी न्यायची नाही, आणि दगड ओलांडल्यापासून परत येईपर्यंत माणसाचा आवाज काढायचा नाही. पाखराचा काढा, जनावराचा काढा, माणसाचा नाही. माणसाचा आवाज निघाला की जनावर डोंगर सोडून जातं, असं म्हातारे सांगायचे आणि आम्ही निमूट मानायचो.

मी त्या घरचा घरजावई. माझं गाव घाटाखाली, घरी जमीन नाही, भाऊ चार. सुकरीशी लग्न ठरलं तेव्हाच ठरलं होतं की मी इथं येऊन राहायचं, राबायचं. राबायला मी कमी नव्हतो. नांगर धरायचो, लाकूड तोडायचो. पण रानातलं मला काही म्हणता काही येत नव्हतं. घाटाखालचा माणूस, खूर बघून मला बैल आणि सांबर कळायचं नाही. तीन वर्षं नवसूच्या मागं मागं फिरलो, आणि एकदाही माझ्या डोळ्यानं जनावर दिसलं नाही.

आदल्या संध्याकाळी सासऱ्यांनी मला अंगणात बसवलं आणि सुकरीच्या देखत सांगितलं, "मंगा, हे तिसरं वर्ष."

"हो मामा."

"या घरात राहायचं तर माग काढता आला पाहिजे. माझे डोळे अधू झालेत. नवसू एकटा किती दिवस पुरणार? यंदा जनावर तू दाखव. नाही जमलं तर तू आपल्या गावी जा. सुकरी इथंच राहील."

"मामा, ती पोटुशी आहे."

"म्हणूनच सांगतो," म्हातारा म्हणाला. "पोराला बापाची लाज वाटू नये."

 सुकरी उठून आत गेली आणि रात्रभर माझ्याकडे पाठ करून निजली. म्हणून माझं तोंड सुजलेलं होतं. नवसूला हे सगळं ठाऊक होतं. माणूस मनानं वाईट नव्हता तो, अजिबात नाही. उलट मला हसवून हलकं करावं म्हणूनच थट्टा करत होता. पण त्याच्या थट्टेचं एक जुनं दुखणं माझ्या मनात होतं.

नवसूला सांबराचा आवाज काढता यायचा. ओंजळ तोंडाशी धरून, पोटातून, असा काही 'ढाँक' करायचा की कुत्री उठून भुंकायची. सासऱ्यांनी शिकवलेला तो आवाज, पण आता पोराचा बापापेक्षा सरस झाला होता. माझ्या पहिल्याच वर्षी त्यानं कारवीच्या झुडपात दडून असाच आवाज दिला. मला वाटलं, आलंच अंगावर. मी झाडावर चढलो तो संध्याकाळपर्यंत खाली उतरलो नाही. त्यानं ती गोष्ट पाणवठ्यावर बायकांना सांगितली. झालं! तेव्हापासून मी हंडा घेऊन गेलो की एखादी तरी पोरगी तोंडाला पदर लावून 'ढाँक' करायची. तीन वर्षं हे मी मुकाट्यानं ऐकत होतो.

"ऐका आता," हाताची राख झटकत नवसू म्हणाला. "आज दोघं वेगळे बसू. मी खाली खडकुंडाच्या पाण्यावर बघतो. तुम्ही वरच्या लोळणीपाशी झाडावर बसा. तिथं नर येतो, मी परवा खूर बघितलेत. हललात नाही, खोकलात नाही, तर दिसणार म्हणजे दिसणार."

"तूच का नाही बसत तिथं?"

"अहो, तुम्हाला दिसायला पाहिजे ना?" तो म्हणाला. "मी बघून काय करू? उन्हं सुळक्याला टेकली की इथं दगडाशी या. तोवर काही झालं तरी झाडावरून उतरायचं नाही. एक डहाळी हलली तरी तो परत यायचा नाही त्या पाण्यावर."

"आणि तू थट्टा करशील त्याचं काय?"

त्यानं दगडावर हात ठेवला. "आज नाही. आज तुमचं नशीब आहे, दाजी. शपथ."

आम्ही दगड ओलांडला आणि गप्प झालो.

वरच्या लोळणीपाशी पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. नवसूनं सांगितलं ते खोटं नव्हतं. चिखलात लोळून गेल्याच्या खुणा होत्या, कडेला लेंड्या पडलेल्या, दाबून बघितल्या तर अजून ओल्या. शेजारच्या एका झाडाची साल माझ्या डोक्याच्याही वर शिंगानं घासून सोललेली होती. मी चिमूटभर माती सोडून वारा बघितला आणि समोरच्या जांभळावर चढून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला रानातलं काही कळतंय असं वाटलं. काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

दुपार झाली. पाय बधिर झाले. मुंग्या मांडीवरून चढत होत्या, त्यांनाही हात लावला नाही.

आणि खालून आवाज आला. ढाँक!

खडकुंडाच्या बाजूनं. कुंडाला तिन्हीकडून उभे कातळ, त्यामुळे आवाज घुमून वर आला. माझ्या अंगावर काटा आला. नरच असणार, आणि केवढा थोरला! भर दुपारी ओरडतोय म्हणजे बिबट्या पाण्यावर आलेला बघितला असेल. आता बिचकून वर येईल, ते इथंच, लोळणीवर. मी श्वास रोखून बसलो.

पुन्हा ढाँक. मग पुन्हा. मी बोटांवर मोजायला लागलो. संध्याकाळी पाड्यात सांगायचं होतं ना, किती वेळा ओरडला, कुठल्या बाजूनं ओरडला.

चौथ्या आवाजाला मनात पाल चुकचुकली. कुंडावरच्या उंबरात वानरांचा कळप होता, सकाळी वर चढताना मीच बघितला होता. सांबर ओरडलं, बिबट्या आला, तर वानरं गप्प बसतील? सगळं रान डोक्यावर घेतील ती. पण वानरं गप्प होती. म्हणजे हा नवसू. शपथ घेऊनसुद्धा गडी थट्टा करतोय! आता मी उतरून धावत गेलो की हा पोट धरून हसणार, आणि उद्या पाणवठ्यावर नवी गोष्ट.

मी स्वतःशी म्हणालो, ओरड लेका. सांबर असशील तर मी हलणार नाही, आणि नवसू असशील तरी हलणार नाही.

पाच. सहा. मध्ये बराच वेळ गेला की पुन्हा एक. आवाज बारीक होत चालला होता. लांब गेलं, मी म्हटलं. सातव्याला मात्र शेवट जरा चिरकला. सांबराचा आवाज असा चिरकत नाही. थट्टा करणारा माणूसही इतका वेळ करत नाही, आणि नवसू तर नाहीच, त्याला एका आवाजात हसू फुटायचं.

पुष्कळ वर्षं मी मला सांगत आलो की तेव्हा माझ्या मनात तिसरं काही आलंच नाही. खोटं आहे ते. आलं होतं. सातव्या आवाजाला आलं होतं. पण त्याच वेळी समोरची कारवी हलल्यासारखी झाली, आणि मी तो विचार बाजूला सारला. मला सांबर बघायचं होतं. मला सुकरीपाशी राहायचं होतं. मी कारवीकडे बघत बसलो.

आठ झाले. नऊ झाले. मग काही नाही. कारवीतून एक भेकर निघालं आणि उड्या मारत गेलं.

उन्हं सुळक्याला टेकली तेव्हा मी उतरून दगडाशी आलो. नवसू नव्हता. थोडं थांबलो, मग खडकुंडाच्या वाटेला लागलो. जाताना हाकसुद्धा मारली नाही, बघा. नेम होता ना. पायवाटेनं पळत होतो आणि तोंड मिटलेलं.

कुंडाच्या वरच्या अंगाला कळकाचं, म्हणजे बांबूचं, बेट होतं. मागच्या साली कुणीतरी तिथले कळक तिरपे घाव घालून तोडले होते, आणि खुंट तसेच उभे होते, सुरीसारखे. वरच्या कातळावरून नवसूचा पाय सटकला होता. तो त्या खुंटांवर पडला होता. एक खुंट मांडीतून आरपार गेला होता. त्याला हलताही आलं नव्हतं. धोतर फाडून त्यानं मांडी आवळली होती, पण ती चिंधी कधीच भिजून सैल झाली होती. खालचा पाला काळा झाला होता.

त्याचे डोळे उघडे होते.

"दाजी," तो म्हणाला. माणसाच्या आवाजात.

"बोलू नकोस. मी आलोय. मी आत्ता..." मी त्याची मांडी धरली, सोडली, पुन्हा धरली. काय करावं कळेना.

"किती हाका मारल्या," तो म्हणाला. "सांबराच्या. तुम्हाला ऐकू नाही आल्या?"

आता काय सांगू तुम्हाला! 'आल्या' म्हणायला किती लागतं? पण 'आल्या' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग आला का नाहीस. त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्याचा प्राण जात होता आणि मी मला वाचवत होतो.

"नाही रे," मी म्हणालो. "काहीच ऐकू आलं नाही."

"एकपण नाही?"

"एकपण नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखं तोंड झालं त्याचं.

"मग आवाजच निघाला नसंल," तो म्हणाला. "मला वाटलं चांगला निघतोय. पोटातनं काढत होतो... कातळात घुमतोय असं वाटत होतं."

"नवसू, साध्या आवाजात का नाही ओरडलास? माणसासारखा?"

"तुमचं जनावर गेलं असतं ना," तो म्हणाला.

मी मोठ्यानं रडायला लागलो. मग ओरडायला लागलो, पाड्याच्या दिशेला तोंड करून, "धावा! धावा रे!" तेव्हा कुठं माझ्या तोंडातून माणसाचा आवाज निघाला. त्यानं माझी बंडी धरून ओढली.

"बापाला सांगू नका," तो म्हणाला. "आवाज गेला म्हणून. त्याला वाईट वाटंल."

माणसं येईपर्यंत तो गेला होता.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी मला अंगणात बोलावलं. आत सुकरी होती, तिचा रडण्याचा आवाज येत होता.

"मी त्या दिवशी सड्यावर गवत कापत होतो," म्हातारा म्हणाला. "खडकुंडाच्या वरच. मला ऐकू आलं."

"काय ऐकू आलं, मामा?"

"सांबर. नऊ वेळा." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुलाही आलं असंल."

"आलं," मी म्हणालो. त्याच्यापुढं खोटं बोलवेना.

"काय वाटलं?"

"सांबरच वाटलं."

"मलाही," म्हातारा म्हणाला. "मी शिकवला त्याला तो आवाज. सहा वर्षांचा होता तेव्हापासून. आणि मला कळला नाही. मी विळा ठेवून ऐकत बसलो रे. म्हटलं, काय जनावर आहे! म्हटलं, माझ्या जावयाचं नशीब उघडलं." त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "सगळा जन्म रानात गेला, पण असं खरं सांबर मी ऐकलं नव्हतं."

मी खाली मान घालून बसलो.

"तू पोचलास तेव्हा जिता होता का?"

सांगायचं होतं ते इथंच सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं, मी त्याला काय म्हणालो तेही.

"नाही, मामा," मी म्हणालो. "गेलेला होता."

"म्हंजे काही बोलला नाही."

"काही नाही."

म्हाताऱ्यानं हळूहळू मान हलवली. मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एकच पोरगा होता मला. आता तूच. कुठं जायचं नाहीस."

त्या साली शिकार झाली नाही. पुढच्या सालापासून माग काढायला मी जायला लागलो, आणि बारा वर्षं गेलो. जनावरं दिसली, पुष्कळ दिसली. पाणवठ्यावर मला कुणी हसलं नाही. पोरगा झाला त्याचं नाव सुकरीनं नवसू ठेवलं. मला मान मिळाला, घर मिळालं, सासऱ्याची जमीनही माझ्या नावावर झाली. ज्याच्यासाठी त्या जांभळावर बसून राहिलो होतो ते सगळं मिळालं.

म्हातारा आणखी नऊ वर्षं जगला. डोळे पार गेले होते. होळी जवळ आली की पाहुण्यारावळ्यांना, रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही धरून बसवायचा आणि पोराची गोष्ट सांगायचा. "असा आवाज होता माझ्या नवसूचा," म्हणायचा, "की मी त्याचा बाप, माझ्या कानांना कळलं नाही. खरं सांबर फिकं पडावं! विचारा माझ्या जावयाला, तोही होता तिथं. काय रे मंगा?"

"हो मामा," मी म्हणायचो. "खरं सांबर फिकं पडावं असा."

आणि ऐकणारे माना डोलवायचे. ज्याला हे ऐकायला हवं होतं त्याला मी सांगितलं होतं की एकपण ऐकू आला नाही.